वाटेची खबर

यिर्मयाच्या सहाव्या अध्यायाच्या सोळाव्या वचनांत प्रभु आपल्या लोकांस थांबून वाटेची चौकशी करावयास सांगतो; आणि ते लोक ऐकत नाहींत. आज ह्या चौकशीविषयींच थोडें बोलूं.

नवी मुंबईचे तरुण हिवाळ्यांत पनवेलजवळच्या कलावंतीण दुर्गावर चढतात. त्याची उंची सुमारें २,२५० फूट. ठाकूरवाडीहून प्रबळमाचीस जावयाचें, व तेथून कातळांत खोदलेल्या उभ्या पायर्‍यांनीं वर. पावसाळ्यांत ह्या पायर्‍या शेवाळानें निसरड्या होतात. पुढें शेवाळ वाळतें, आणि पाहणारा म्हणतो, आतां भय सरलें. परंतु वाळक्या गवतावरून व सुट्या मुरुमावरून पाय सटकतो तो हिवाळ्यांतच, आणि बहुधा उतरतांना.

ह्यांतील कित्येक जण डिसेंबर-जानेवारींत उत्तराखंडांतील केदारकंठा शिखरावर जातात. उत्तरकाशी जिल्ह्यांतील सांक्री गांवाहून तिकडे वाट जाते. उंची सुमारें १२,५०० फूट. तेथें नवा बर्फ पडला कीं वाट बुजते व खळगे झांकले जातात. पुष्कळ पावलांनीं बर्फ तुडविला म्हणजे वाट दिसूं लागते. पण दुपारच्या उन्हानें जें वितळतें तें रात्रीं गोठतें, आणि सकाळीं तीच मळलेली वाट कांचेसारखी गुळगुळीत होते. म्हणून जाणते लोक बुटांखालीं लोखंडी कांटे बांधतात, पहाटेच्या अंधारांत निघतात, आणि ऊन चढून बर्फ भुसभुशीत होण्यापूर्वीं उतरूं लागतात. काल गेलेल्याची खबर आज पुरत नाहीं. आज सकाळीं परतलेल्यासच विचारावें लागतें.

बंधूंनो, आपल्या गांवचा मुलगा कामासाठीं शहरास निघतो, तेव्हां आपण उपदेशक व मंडळीचे वडील त्यास म्हणतों, देव तुजबरोबर आहे, जा. हें खरें आहे. पण एवढ्यानें आपलें काम संपत नाहीं. कर्जाची वाट कोठें निसरते, दारूच्या संगतीचा खळगा कशानें झांकलेला असतो, हें आपण त्यास सांगतों काय? पुष्कळदां सांगत नाहीं. कारण आपण स्वतः तेथें पडलों होतों, आणि तें उच्चारावयास आपणांस लाज वाटते. आपली लाज झांकली जाते खरी, परंतु मागून येणारा त्याच जागीं पडतो.

आणखी एक गोष्ट. वाट बिघडली म्हणजे वाटाड्या, परत फिरा, असें म्हणतो. शिखर हाकेच्या अंतरावर असतां तो शब्द कडू लागतो, आणि कोणी म्हणतो, देव राखील. मंदिराच्या उंच टोकावर सैतानानें प्रभु येशूस हेंच सुचविलें होतें. परंतु त्यानें उडी घेतली नाहीं व देवाची परीक्षा पाहिली नाहीं. परत फिरणें हा अविश्वास नव्हे. डोंगर उद्यांही तेथेंच असतो.

तर येत्या रविवारीं आपल्यांतील प्रत्येक वडिलानें एका तरुणास जवळ बसवावें, आणि आपण कोठें घसरलों व कोणाच्या हातानें उठलों, तें खरें खरें सांगावें. तसें सांगण्याचें धैर्य प्रभु आपणां सर्वांस देवो.