सिंह आणि शिंदी

जबलपूरहून नागपूरला निघालं की लखनादौननंतर पाट्यांवर 'सिवनी' येते. तिथून पश्चिमेला छिंदवाड्याचा रस्ता फुटतो. इकडची मराठी माणसं ही नावं जन्मभर हिंदी म्हणून उच्चारतात. जरा कान दिला तर दोन्ही घरचीच निघतात.

छिंद म्हणजे आपली शिंदी, खजुराची रानटी बहीण. हिच्याच पानांची केरसुणी आपण दिवाळीत लक्ष्मी म्हणून पुजतो. आणि ज्या 'सेवना' झाडावरून सिवनी आली म्हणतात, ती आपली शिवण, दशमुळांतली गंभारी. लाकूड हलकं, सहसा न वाकणारं, म्हणून ढोलकाला चांगलं.

पण गावात विचारा. छिंदवाडा म्हणजे सिंहद्वार, असं कुणी सांगेल. सिवनी म्हणजे शिवाची नगरी, असं दुसरा. झाड कुणाला पुरेसं वाटत नाही. महाराष्ट्रात शिवणी नावाची गावं ठिकठिकाणी आहेत, नागपूर-वर्धा लोहमार्गावर सिंदी स्टेशन आहे. एवढ्या सगळ्यांनी महादेवाला आणि सिंहाला वेठीला धरलं असेल, हे मला पटत नाही.

मग वडगाव-पिंपळगावाला अशी कथा का चिकटली नाही? कारण वड आणि पिंपळ हे शब्द अजून रोजच्या तोंडात आहेत. शेंबडं पोरही अर्थ सांगेल. शिवण ओळखणारे कमी झाले, तसा शब्द आतून रिकामा झाला. रिकाम्या घरात कुणीतरी राहायला येतंच, आणि नावांच्या बाबतीत येणारा पाहुणा बहुधा देव, राजा किंवा सिंह असतो. गवळी-गुराख्यानं ठेवलेलं नाव मग पुराणात जाऊन बसतं.

मलेशियातलं मलाका पाहा. मलय भाषेत 'मलाका' म्हणजे आवळ्याचं झाड. तिथल्या दंतकथेत राजा परमेश्वर आहे, पण तोही त्या झाडाखाली विसावलेला. शब्द जिवंत राहिला म्हणून राजाला सावलीत बसावं लागलं. त्याच देशातलं पिनांग तर सरळ सुपारीचं.

खुद्द जबलपूरच्या नावात झाड नाही. जाबाली ऋषी की अरबी 'जबल', म्हणजे डोंगर, हा वाद चालूच आहे. शहरातल्या बेलबागेबद्दल मात्र कुणी वाद घालत नाही. श्रावणात महादेवाला वाहायला बेलाचं पान अजून लागतं.