उसना डोळा

लग्न, मुंज, वाढदिवस, गाण्याची बैठक अथवा चित्रप्रदर्शनाचे उद्घाटन, यांपैकी कोणत्याही समारंभास गेले असता एक गृहस्थ हटकून दृष्टीस पडतो. तो कुणाचा आप्त नसतो, त्यास निमंत्रणपत्रिका गेलेली नसते, आणि तरीही जेथे वधूच्या मामासही वाट काढावी लागते तेथे सर्वजण बाजूस सरून त्यास जागा देतात. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंस फिरण्याची मुभा भटजींखालोखाल ह्या एकाच माणसास असते. हा छायाचित्रकार कोणत्याही पत्राचा अथवा पेढीचा बांधील नसतो. इसार घेऊन तारीख राखून ठेवतो, आणि काम आटोपले की शेवटच्या पंगतीस वाढप्यांबरोबर जेवतो. त्याच्या कौशल्याची चर्चा घरोघर होते. त्याच्या धर्माची, म्हणजे कर्तव्याची, चर्चा आमच्या ऐकण्यात फारशी नाही. ज्याने पैसे मोजले त्याच्याशीच त्याने इमान राखावे, की ज्यांचे चेहरे तो टिपतो त्यांचेही काही देणे त्यास लागते?

हा प्रश्न आजचा भासला तरी त्याचे एक ठळक उदाहरण सव्वाशे वर्षांपूर्वी आमच्याच मुलखात घडले आहे. जालना जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. त्यापूर्वी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि १९४८ पर्यंत हा सारा प्रांत निजामाच्या अमलाखाली होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारी लाला दीनदयाळ हे छायाचित्रकार होते. मूळचे मीरतजवळच्या सरधन्याचे, रुरकीस शिकलेले, इंदुरास बांधकाम खात्यात चाकरी केलेले हे गृहस्थ कॅमेऱ्याच्या नादाने ती चाकरी सोडून बाहेर पडले, आणि १८९४ साली निजामाने त्यांस राजा मुसव्विर जंग बहादूर असा किताब दिला. मेजवान्या, शिकारी, लष्करी कवायती, बड्या पाहुण्यांची आगतस्वागते हे त्यांचे नित्याचे विषय. पुढे १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात त्यांच्याच पेढीने औरंगाबादेकडील दुष्काळपीडितांचीही छायाचित्रे घेतली, आणि निजाम सरकारच्या दुष्काळनिवारणाचे कार्य दाखविणाऱ्या संग्रहात ती गेली.

मेजवानीस बोलावलेला छायाचित्रकार आणि दुष्काळास बोलावलेला छायाचित्रकार एकच, आणि यजमानही एकच! हाडे मोजून घ्यावी अशी ती माणसे तेथे दात्याच्या औदार्याचा पुरावा म्हणून उभी केलेली आहेत. त्यांची संमती कोणी विचारली असेल असे मानावयास जागा नाही, आणि विचारली असती तरी अन्नाच्या आशेने आलेला माणूस नाही म्हणावयास थोडाच धजणार? तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ती छायाचित्रे निघाली नसती तर आमच्या ह्या मातीतील त्या माणसांची खूणही उरली नसती. आज शिरपेच ल्यालेल्या सरदारांच्या तसबिरी पोशाखांच्या अभ्यासकांस उपयोगी पडतात. त्या निनावी चेहऱ्यांपुढे मात्र पाहणारा थबकतो. यजमानाच्या कामासाठी उसना दिलेला डोळा यजमानाच्या हेतूपलीकडे काही पाहून गेला. परंतु एवढ्यावरून मूळ हेतू शुद्ध ठरत नाही. २०१३ च्या दुष्काळात जालना हा अतिशय होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मदत देताना छायाचित्र काढून घेण्याची जी रीत आपल्याकडे रूढ आहे, ती पाहिली म्हणजे दरबार गेले तरी दरबारी संग्रह गेले नाहीत असेच म्हणावे लागते.

पैसे घेणारा माणूस खोटे दाखवितो असा सरसकट आरोप आम्ही करीत नाही. कॅमेरा सहसा खोटे बोलत नाही. तो निवडतो, आणि सारी अडचण ह्या निवडीत आहे. बियाण्यांच्या आणि लोखंडाच्या व्यापाराने जालना शहरात पैसा आला, मंगल कार्यालये वाढली, एकेका लग्नात हजारो छायाचित्रे निघू लागली. अल्बमात लागतात ती शेदोनशे. मुलीची पाठवणी करताना खांबाआड जाऊन डोळे पुसणारा बाप, आहेरावरून रुसलेली आत्या, जुनेर नेसून कोपऱ्यात बसलेली विधवा चुलती, ताटे उचलणारी पोरे, हे सर्व त्या हजारांत असतात आणि त्या दोनशेंत नसतात. आता आत्येचा रुसवा गाळला तर तो आत्येवर उपकारच होय. चार दिवसांत विरघळणारा राग तिच्या माथी जन्मभर कशास मारावा? चुलतीस गाळले तर मात्र तो अन्याय आहे. दोन्हीकडे कृती एकच असूनही आम्ही एकीस दया म्हणतो आणि दुसरीस अन्याय म्हणतो, कारण पहिली गाळणूक चित्रातल्या माणसासाठी झाली आणि दुसरी यजमानाच्या शोभेसाठी. गाळलेल्या चित्राचा लाभ कोणास झाला, हे विचारले की बहुतेक ठिकाणी निवाडा सोपा होतो.

गाण्याच्या बैठकीत तो इतका सोपा नाही. अंबडास दत्तजयंतीच्या संगीतोत्सवाची जुनी परंपरा आहे, आणि गोविंदराव जळगावकरांचे नाव तीशी जोडलेले आहे. अशा उत्सवात गवई तानेच्या ऐन भरात असता त्याचा चेहरा कसा होतो हे श्रोत्यांस ठाऊक असते. तोंड वेडेवाकडे होते, गळ्याच्या शिरा तट्ट फुगतात. त्या क्षणी कळ दाबली तर चित्र खरे येईल, पण ज्या सुरासाठी तो चेहरा तसा झाला तो सूर चित्रात येणार नाही. कारण काढून घेतलेले सत्य हे निंदेहून फारसे वेगळे नसते. पुण्याचे सतीश पाकणीकर यांनी अनेक वर्षे गायक-वादकांची छायाचित्रे घेतली. ती पाहता वाटते की ह्या माणसास आधी गाणे ऐकू आले असावे, मग चेहरा दिसला असावा. प्रदर्शनांच्या उद्घाटनांविषयी काय लिहावे? तेथे पाहुणे ओळीने चित्रांकडे पाठ करून उभे राहतात, छायाचित्रकार त्यांस टिपतो, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात चित्रकाराच्या चित्रांऐवजी पाहुण्यांचे कोट दिसतात.

होमाई व्यारावाला यांचे उदाहरण येथे आठवते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या ह्या बाईंनी दिल्लीत राष्ट्रनेत्यांच्या सभा, मेजवान्या आणि स्वागतसमारंभ वर्षानुवर्षे टिपले, आणि १९७० च्या सुमारास कॅमेरा कायमचा खाली ठेवला. नव्या छायाचित्रकारांचे बेशिस्त वर्तन त्यांस रुचेना, हे त्याचे एक कारण. पुढे २०१२ पर्यंत त्या जगल्या, पण व्यवसायाकडे वळल्या नाहीत. ज्यास आत येऊ दिले त्याने आपल्या येण्याचा मान राखावा, ही जुनी समजूत त्यामागे होती. कोठेही शिरणारा आजचा उडता कॅमेरा त्यांस कसा वाटला असता, याची कल्पना वाचकांनीच करावी.

वर सांगितलेली कसोटी आम्ही ज्यास-त्यास लावून पाहतो, परंतु ह्याच जिल्ह्यातील एका लग्नापाशी ती अडखळते. समर्थ रामदास घनसावंगी तालुक्यातील जांबेचे. परंपरा सांगते की वयाच्या बाराव्या वर्षी, जांबेजवळच्या आसनगावी, भटजींनी ‘सावधान’ म्हणताच नारायण बोहल्यावरून निघून गेला. तेथे एखादा छायाचित्रकार असता तर तो मुलाच्या मागे धावला असता यात शंका नाही. इतिहास त्याच दिशेने पळत होता. पण अंतरपाटाच्या पलीकडे हातात माळ घेऊन एक मुलगी उभी होती. तिचे चित्र न घेणे ही तिच्यावर दया झाली असती, असे आमची कसोटी सांगते. तिच्याविषयी परंपरेनेही फारसे काही सांगितलेले नाही. तीनशेहून अधिक वर्षे जिच्यावर सर्वांनी मिळून ही दया केली, तिच्या वाटणीची एक तसबीर असावयास हवी होती की नाही, याचा निर्णय आम्हांस अद्याप करता आलेला नाही.