साथीची मर्यादा

दुसऱ्याच्या कृतीस शृंगार चढविण्याचा अधिकार कोणास असतो, हा प्रश्न वरवर कलेचा दिसला तरी मुळांत नीतीचा आहे. ज्याच्या हातीं साधनें पुष्कळ, त्यानें अल्पसाधन कृतीशीं कसें वागावें, हेंच त्यांत विचारलेलें असतें. एका दूरदेशीच्या संगीतानें हा प्रश्न आमच्या मनांत नव्यानें उभा केला.

ब्राझिलांतील रिओ दि जानेरो शहरीं १९५८ च्या सुमारास 'बोसा नोव्हा' हा गानप्रकार पुढें आला. सांबा नृत्यांतील तालवाद्यांचा गजर येथें एका गिटारींत सामावला, आणि गळा कुजबुजीइतका हळुवार झाला. हें संगीत अमेरिकेंत पोंचतांच जॅझचे वाद्यवृंद त्याकडे वळले. १९६२ मध्यें क्विन्सी जोन्स यांनीं तें पितळी वाद्यांच्या थाटांत सादर केलें. त्यांत उल्हास भरपूर आहे, कुजबूज मात्र उरलेली नाहीं. पुढल्याच वर्षीं, जर्मनींत जन्मलेले रचनाकार क्लॉस ओगरमन यांनीं अंतोनियो कार्लोस जोबिम यांच्या रचनांस तंतुवाद्यांची जोड दिली. तेथें जोबिम पियानोवर एकेक स्वर वेंचून चाल सांगतात. तंतुवाद्यें त्यांचें म्हणणें ऐकून घेतात, आणि मग मोजकेंच बोलतात.

कोणी म्हणेल, साध्या गाण्यास वाद्यवृंद हवाच कशाला? हें आम्हांस मान्य नाहीं. जोआंव जिल्बेर्तो यांच्या ज्या १९५८ च्या ध्वनिमुद्रिकेपासून या प्रकाराचा आरंभ मानतात, तिच्यांतही जोबिम यांनींच वाद्यमेळ योजिला होता. शृंगार हा दोष नव्हे. दुसऱ्याचें बोलणें तोडणें हा दोष होय. मूळ कर्त्याची संमति असली म्हणजे झालें, असेंही म्हणतां येत नाहीं. संमतीनें चोरीचा दोष टळतो, दडपणुकीचा टळत नाहीं.

हा प्रसंग घरोघर घडतो. लाजरें मूल चार शब्द बोलूं लागतें. वडील माणूस तें वाक्य अधिक सुंदर शब्दांत पुरें करितो. मंडळी माना डोलवितात, आणि मूल पुन्हां तोंड उघडीत नाहीं. येथें हेतु प्रेमाचाच असतो, म्हणून तर तो अपराध कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. अशा वेळीं मुकाट बसणें हाही उपाय नव्हे, कारण आधाराविना मूलही अडखळतें. ओगरमन यांनीं वाद्यें दाराबाहेर ठेविलीं नाहींत. त्यांस थांबावयास लाविलें. अधिक शब्द ज्यांच्यापाशीं आहेत, त्या आम्हां सर्वांस तेवढेंच शिकावयाचें आहे.