मान कुठे डोलवायची?

माझा एक मित्र तबला वाजवतो. त्याला एकदा मी श्लिपेनबाख त्रयीची रेकॉर्ड ऐकवली. पियानो, टेनर सॅक्सोफोन आणि ड्रम. बेस नाही, म्हणजे पायाखाली धरायलाही काही नाही. मित्रानं सवयीनं अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला आणि मोजायला लागला. सोळात बसेना, बारात बसेना, सातातही नाही. तिसऱ्या मिनिटाला त्यानं विचारलं, "सम कुठाय?" मी म्हटलं, नाहीये. "मग हे तिघं एकत्र आहेत ते कशावर?"

या प्रश्नाचं धड उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आत्ताही ते तुकड्या-तुकड्यांतच सुचतंय.

पियानोवर अलेक्झांडर फॉन श्लिपेनबाख, जन्म 1938, बर्लिन. सॅक्सोफोनवर इव्हान पार्कर, जन्म 1944, ब्रिस्टल. ड्रमवर पॉल लोव्हेन्स, जन्म 1949, आखेन. त्यांची 'पाकिस्तानी पोमेड' ही रेकॉर्ड 1972ची. (नावाचा अर्थ विचारू नये, मीही विचारत नाही.) मधल्या काळात पीटर कोवाल्ट बेस घेऊन आला आणि त्रयीची चौकडी झाली, पण गाडी पुन्हा तिघांवरच आली. पुढे चाळीसहून अधिक वर्षं तीच तीन माणसं वाजवत राहिली. दरवर्षी हिवाळ्यात त्यांचा दौरा निघे. त्याला त्यांनी नाव दिलं होतं 'व्हिंटररायझं', म्हणजे हिवाळी प्रवास. नाव शूबर्टच्या 1827च्या गीतमालेचं, पण शूबर्टचा एकही सूर ठरवून वाजवायचा नाही. कुठलाच सूर ठरवून वाजवायचा नाही.

आपल्याला उत्स्फूर्ततेचं अप्रूप नाही. ख्यालात लिहून काही आणलेलं नसतं, पण ठरलेलं खूप असतं: राग, ताल, बंदिश, वादी-संवादी. गवई मोकळा असतो तो अंगणात, आणि अंगणाला कुंपण असतं. या तिघांनी कुंपणच काढलं. पट्टी नाही, ठेका नाही, धून नाही, किती वेळ वाजवायचं तेही नाही. श्लिपेनबाख कोलोनमध्ये त्सिमरमानसारख्या संगीतकाराकडे रचना शिकलेला, म्हणजे नियम ठाऊक नव्हते असं नाही. 1966मध्ये त्यानं बर्लिनमध्ये 'ग्लोब युनिटी' हा मुक्त वाजवणारा मोठा वाद्यवृंद उभा केला. 1969मध्ये बर्लिनमध्येच या पिढीच्या वादकांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. बाजार आपलं छापणार नाही हे त्यांना कळलेलं होतं.

या मुक्तपणावर सगळ्यात बोचरा आक्षेप घेतला तो याच गोटातल्या माणसानं. डेरेक बेली हा इंग्लिश गिटारवादक, 1970मध्ये 'इन्कस' ही रेकॉर्ड कंपनी काढताना पार्करचा भागीदार. त्याचं म्हणणं असं की वादक एकमेकांना फार ओळखू लागले की मुक्त वादन संपतं, उरते ती शैली. म्हणून त्यानं 'कंपनी' नावाखाली दरवेळी वेगवेगळ्या वादकांची मोट बांधली. त्यांतले काही एकमेकांना पूर्वी भेटलेलेही नसत.

बेलीचं म्हणणं ऐकायला पटतं. पण मला रेल्वेचा डबा आठवतो. दोन अनोळखी माणसं समोरासमोर बसली की काय बोलतात? कुठले तुम्ही, कुठे उतरणार, गाडी लेट आहे का. माणूस सगळ्यात ठरीव बोलतो ते परक्याशी. परक्यापुढे आपण आपला घासून गुळगुळीत झालेला माल काढतो, कारण तो त्याला नवा असतो. उलट पन्नास वर्षांच्या कट्ट्यावर तोच किस्सा पुन्हा सांगायला घेतला की समोरचा नुसता चहाचा कप उचलतो. तेवढ्यानं आपण गप्प होतो. जुना सोबती हाच खरा पहारेकरी. आपली नक्कल आपणच करतोय, हे त्याला आपल्याआधी कळतं.

अर्थात सवयी सुटत नाहीतच. पार्करचा सूर दोन सेकंदांत ओळखता येतो. गालात हवा साठवून ती बाहेर ढकलायची आणि त्याच क्षणी नाकानं श्वास घ्यायचा, त्यामुळे सूर तुटतच नाही. आपल्याकडचा पुंगीवाला गारुडी हेच करतो, फक्त त्याला कुणी अवांगार्द म्हणत नाही. लोव्हेन्स ठेका धरत नाही. तो झांजेला स्पर्श करतो आणि आवाज फुटायच्या आत ती हातानं दाबतो. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याच्या नावापुढे छापलेलं असतं: निवडक आणि न निवडलेले ड्रम व झांजा. आणि धून नाकारणाऱ्या श्लिपेनबाखनं 2005मध्ये आलेल्या तीन सीडींत जाझ पियानोवादक थेलोनियस मंकच्या झाडून सगळ्या रचना वाजवून ठेवल्या, वेगळ्या साथीदारांसह. मला यात विसंगती दिसत नाही. ज्याला कुंपण हाताला ठाऊक आहे, त्यालाच ते काढता येतं.

बेर्न्ड शोखनं या त्रयीवर 2011मध्ये एक माहितीपट केला. त्याच्या जर्मन नावाचा अर्थ: 'पण कुत्रा हा शब्द काही भुंकत नाही'. या संगीताबद्दल लिहिणाऱ्या कुणालाही ही चपराक आहे, मलाही. 'मुक्त' हा शब्दसुद्धा काही मुक्त नसतो. ऐकताना मला स्वातंत्र्यबितंत्र्याची आठवण होत नाही. ऐकू येतं ते एवढंच की एकानं काहीतरी अर्धं सोडलं आणि दुसऱ्यानं ते पूर्ण केलं नाही. पूर्ण करणं सोपं होतं, नम्रपणाचंही होतं. त्यानं ते तसंच लोंबकळत ठेवलं आणि तिसरा त्याच्या खालून निघून गेला. एवढा विश्वास परक्या माणसावर टाकवत नाही.

मित्रानं त्या दिवशी रेकॉर्ड पूर्ण ऐकली. पेरं मोजणं केव्हाच थांबलं होतं, अंगठा मात्र तर्जनीवर तसाच राहिला होता. शेवटाकडे पियानो विरळ झाला, सॅक्सोफोननं एक लांब सूर धरला, झांजेचा एक किसल्यासारखा आवाज आला आणि तिघंही थांबले. एकदम. तो खूप वेळ काही बोलला नाही.

"हा शेवट ठरलेला असणार," तो म्हणाला.

"नाही."

"शक्य नाही." त्यानं मांडी बदलली. "शेवटची दोन मिनिटं परत लाव."