सावड न फेडणारा पाहुणा

'अतिथी' या शब्दाची पारंपरिक फोड अशी सांगतात : ज्याच्या येण्याला तिथी नाही, तो. होमस्टेचा पाहुणा या कसोटीला पहिल्याच पायरीवर नापास होतो. त्याची तिथी ठरलेली असते, जेवणात काय हवं ते आधी कळवलेलं असतं आणि निम्मे पैसेही आगाऊ पोचलेले असतात. तरीही तो दारात आला की घरची बाई पाण्याचा तांब्या पुढे करते आणि 'या, बसा' म्हणते. या 'या, बसा'ला आतिथ्य म्हणायचं की विकलेली सेवा?

महाराष्ट्र सरकारने २०२० साली कृषी पर्यटन धोरण मंजूर केलं. त्याच्या आधीपासूनच शहरी माणसं शेतावर राहायला जात होती. थंडीत हुरडा, पावसाळ्यात मावळ-मुळशीकडे भातलावणी, एरवी बैलगाडीची फेरी, जात्यावर दळण, चुलीवरची भाकरी, गायीची धार. या सगळ्याला तिथे 'ॲक्टिव्हिटी' म्हणतात. घरच्या माणसाने केलं की ते काम, पाहुण्याने केलं की ॲक्टिव्हिटी. मला यातला फरक एवढाच दिसतो की काम अर्ध्यात सोडता येत नाही.

यावरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे हे सगळं नाटक आहे. डीन मॅककॅनेल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलं होतं की पर्यटकाला रंगमंचामागचं खरं आयुष्य पाहायचं असतं, म्हणून त्याच्यासाठी तो मागचा भागही सजवून ठेवला जातो. मी राहिले त्या एका घरी पडवीत पाहुण्यांसाठी चूल होती आणि आत घरच्यांचा चहा गॅसवर होत होता. आमच्यातल्या एकाला हे फसवल्यासारखं वाटलं. मला वाटलं नाही. माझ्या भाकरीला अस्सल चव यावी म्हणून त्या बाईने बाराही महिने डोळ्यांत धूर का घ्यावा? 'खरं खेडं' बघायचा हट्ट बऱ्याचदा दुसऱ्याने मागे राहावं असाच हट्ट असतो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. लावणीच्या दिवसांत आम्ही आठ जण खाचरात उतरलो. शेजारच्या खाचरात चार बाया रोजाने लावणी करत होत्या. अर्ध्या तासात आमच्या दीड ओळी झाल्या, फोटो झाले, आम्ही पाय धुतले. मग त्या बायांतली एक आमच्या तुकड्यात आली, तरंगणारी रोपं तिने उचलली आणि पुन्हा रोवली. "ऱ्हाऊ द्या ताई, दमला असाल," असं ती हसून म्हणाली. भाताचं रोप उथळ लावलं तर तरंगतं, फार खोल लावलं तर त्याला फुटवे कमी येतात. म्हणजे आमच्या खेळाने तिचं काम वाढलं होतं. आमचं माणशी शुल्क तिच्या दिवसाच्या रोजापेक्षा जास्त होतं. चिखल आणि पाऊस दोन्हीकडे तोच. आम्हाला त्यातून हवं तेव्हा बाहेर पडता येत होतं, तिला येत नव्हतं.

आपल्याकडे मजुरीशिवाय हात लावण्याची जुनी रीत आहे. इर्जिकीला शेजारीपाजारी जमून एकाचं काम उरकतात आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. सावडीत आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. होमस्टेचा दिवस बाहेरून तसाच दिसतो : परके हात, एकत्र काम, मग पंगत. पण सावड टिकते ती परतफेडीच्या भरवशावर. पाहुणा पैसे देतो आणि हिशेब त्याच दिवशी मिटतो.

मात्र पैशाला नावं ठेवून गतकाळाचे गोडवे गायला मी तयार नाही. जुनं आतिथ्य सगळ्यांना फुकट नव्हतं. ओटीवर कोण बसणार, अंगणात कोण आणि कोणाची कपबशी वेगळी, हे जात ठरवत होती. पैशाने ते विचारणं पूर्ण थांबलंय असंही नाही, पण निदान हक्काने बसायची सोय झाली. अवेळी आलेल्या पाहुण्यासाठी रात्री पुन्हा चूल पेटवणाऱ्या बाईला कोणी विचारत नव्हतं. आज तिच्या भाकरीला दर आहे. म्हणून 'आतिथ्य विकावं का' यापेक्षा मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : विकलेल्या भाकरीचे पैसे कोणाच्या हातात पडतात? बुकिंग नवऱ्याच्या फोनवर, खातं त्याच्या नावावर आणि आठ माणसांचा स्वयंपाक तिच्याकडे असेल, तर जुनीच व्यवस्था नव्या दराने चालू आहे.

चिखलात खेळण्यात मला पाप दिसत नाही. पोरांना तांदूळ कुठून येतो ते कळतं, शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळतं. खटकतं ते परतीच्या गाडीतलं वाक्य : 'किती सुखी माणसं आहेत ही!' या वाक्याने आपण उरलेलं देणं स्वतःच माफ करून घेतो. मग तांदूळ किलोमागे पाच रुपयांनी महागला की आपणच दुकानात कुरकुरतो.

सावड हातानेच फेडावी असं नाही. बाईंचा वाटा किती, हे यजमानांना सरळ विचारता येतं. त्या घरचा तांदूळ ते सांगतील त्या भावाने घेता येतो. एवढ्याने देणं फिटत नाही. पण 'या, बसा' म्हणणाऱ्या घराला पुढच्या हंगामात फोन करून लावणी कशी झाली हे विचारणारा माणूस निव्वळ गिऱ्हाईक राहत नाही, असं मला वाटतं.