साक्षी आणि संयम

मनुष्याला शोकात किंवा व्यसनात हेतुपुरस्सर लोटून त्याच्या चित्ताची परीक्षा पाहणे धर्माला मान्य नाही. म्हणून मानसशास्त्राला पुष्कळदा प्रयोगाचा मार्ग सोडून, जे आपोआप घडते त्याचे अवलोकन, लोकांचे जाबजबाब आणि दप्तरातील नोंदी यांवरच भिस्त ठेवावी लागते. परंतु केवळ पाहणाऱ्याला कारणाचे ज्ञान होते काय, हा प्रश्न मुळात दर्शनशास्त्राचा आहे.

उदाहरणार्थ, 1982 साली महाराष्ट्रातील चंद्रपूर (जुना चांदा) जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तेथे 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 1 एप्रिल 2015 रोजी आली आणि 2021 साली उठली. जिच्यापासून दारू काढतात ती मोहफुले दोहींकडे सारखीच, कायदा मात्र बहुतेक वर्षे निराळा. तेव्हा या दोन मुलखांची तुलना करून बंदीचा मनावरील परिणाम मोजावा, असे अभ्यासकाला वाटणे स्वाभाविक आहे.

न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, येथे सावध केले आहे. अग्नी आहे तेथे धूर असतोच असे नाही. ओल्या सरपणाची उपाधी, म्हणजे आड लपलेली अट, असेल तरच तो निघतो. तशा उपाध्या येथेही आहेत. चंद्रपुरात कोळशाच्या खाणी व वीजकेंद्र आहे, गडचिरोलीचा बहुतांश मुलूख अरण्याचा. बंदी उठली ते वर्ष महामारीचे. शिवाय दोन्हीकडे बंदी आली ती लोकचळवळीतून, विशेषतः स्त्रियांच्या आग्रहातून. तेव्हा पिणे घटले असेल तर ते हुकुमाने की त्यामागील लोकेच्छेने, याचा निवाडा आकड्यांतून होत नाही. गुन्ह्यांची नोंद वाढली, तर दारू वाढली की पोलिसांचा अंमल कडक झाला, हेही दप्तर सांगत नाही.

सांख्यदर्शनातील पुरुष, म्हणजे चैतन्यरूप आत्मा, निर्लेप साक्षी असतो. वही घेऊन गावात शिरणारा अभ्यासक तसा नव्हे. बंदीच्या जिल्ह्यात ‘तुम्ही पिता काय?’ असे विचारणे म्हणजे गुन्ह्याची कबुली मागणे होय, आणि मिळणाऱ्या उत्तरात पिण्याच्या सवयीइतकीच विचारणाऱ्याविषयीची भीतीही असते.

याहून गहन गोष्ट अशी, की दारू न मिळाल्याने न प्यायलेला आणि समोर असूनही नाकारणारा, हे दोघेही नोंदवहीत एकाच रकान्यात बसतात. पण नीतिशास्त्र संयमी म्हणेल ते दुसऱ्यालाच. अवलोकनाला आचरण दिसते, त्यामागील संकल्पाचे मात्र अनुमानच करावे लागते. एवढ्यावरून अवलोकन त्याज्य ठरत नाही, कारण मनुष्याविषयीचे आपले बहुतेक ज्ञान याच वाटेने आले आहे. त्याची मर्यादा तेवढी उघड सांगितली पाहिजे. म्हणून बंदीच्या बाजूने वा विरुद्ध कोणी आकडे पुढे केले, तर वाचकाने प्रथम एवढेच विचारावे: कोणत्या उपाध्या तपासल्या, आणि कोणत्या तशाच राहिल्या?