नंदबाबांचे प्रश्न आणि माझा अंगठा



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ४६. उद्धव गोकुळात येतो तो अध्याय.

हा अध्याय म्हटलं की आपल्याला पुढच्या, ४७ व्या अध्यायातलं भ्रमरगीत आठवतं. गोपी, भुंगा, ज्ञान मोठं की प्रेम मोठं हा वाद. कीर्तनात रंगतो तोही तोच भाग. मीसुद्धा आजवर ४६ वा अध्याय भरभर संपवून ४७ व्याकडे पळायचो. यावेळी मात्र ४६ व्यातच अडकलो. का अडकलो ते सांगतो, पण आधी प्रसंग पाहू.

कंसवध झालाय. कृष्ण मथुरेत आहे. नंदबाबांना त्याने परत पाठवलंय, इथलं काम आटोपलं की भेटायला येईन असं सांगून. पण कामं संपत नाहीत. (आपल्याला हे कोणी समजावून सांगायची गरज नाही.) मग एके दिवशी तो उद्धवाचा हात हातात घेतो आणि म्हणतो, बाबा रे, व्रजात जा, माझ्या आईवडिलांना आनंद दे, आणि गोपींना माझा निरोप सांग.

आता उद्धव कोण? यादवांचा मंत्री, खुद्द बृहस्पतीचा शिष्य, कृष्णाचा जिवलग. घरची खुशाली कळवायला देवाने एखादा निरोप्या पाठवला नाही, आपल्याकडचा सगळ्यात मोलाचा माणूस पाठवला. ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा.

उद्धव पोचतो तेव्हा सूर्य मावळत असतो. गाई रानातून परतताहेत आणि त्यांच्या खुरांच्या धुळीत त्याचा रथ झाकून गेलाय. नंदबाबा पुढे येतात आणि आधी त्याला मिठी मारतात. मग जेवण, तेही गोडाधोडाचं. मग बिछाना, पाय चेपून थकवा घालवणं. आणि हे सगळं झाल्यावर प्रश्न.

प्रश्न कोणते? आत्मा म्हणजे काय, मुक्ती कशी मिळते, यातलं काही नाही. वसुदेव सुटला ना, मुलाबाळांत बरा आहे ना? कृष्णाला आमची आठवण येते का? आईची? मित्रांची? गाईंची, वृंदावनाची, त्या डोंगराची? एकदा तरी येईल का तो, म्हणजे त्याचं तोंड बघता येईल? विचारता विचारता नंदबाबांचा गळा दाटतो आणि ते गप्प होतात. यशोदा एक शब्द बोलत नाही. नुसती ऐकते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहतं.

उद्धव त्यांना तत्त्वज्ञान सांगतो, धीर देतो. बोलता बोलता रात्र सरते. पहाटे बायका उठतात, दिवे लावतात, ताक घुसळायला बसतात. घरच्या खुशालीच्या गप्पांवर एक अख्खी रात्र गेली, आणि व्यासांना ती भागवतात लिहून ठेवावीशी वाटली.

आता माझी गोष्ट.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या बाजूला. आईबाबा मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं मोठे बाबांनी आणि मोठ्या आईनं. सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. माझ्या इंजिनीअरिंगच्या चार वर्षांची फी त्या पराटीतून निघाली. आज मी पुण्यात एका कंपनीत आहे, ईएमआयवाला फ्लॅट आहे, आणि गेल्या वर्षीपर्यंत आमच्या घरचा व्हॉट्सअॅप ग्रुप माझ्या फोनवर म्यूट होता.

कारण तुम्हालाही माहीत आहे. सकाळी सातला सूर्योदय आणि गुलाबाचं फूल. मग कोणाच्या तरी नातवाचा डान्स. आणि रोज संध्याकाळी मोठ्या आईचा आवाजातला मेसेज. तिला टाइप करता येत नाही, पण माइकचं बटण दाबून ठेवता येतं. तीन मिनिटं, चार मिनिटं. पाणी आलं का, वेचणीला बाया मिळाल्या का, म्हशीनं काय केलं, कोणाच्या पोरीचं कुठं जमलं. मी ते ऐकायचो नाही. दोन-तीन दिवसांनी ग्रुप उघडायचा, खाली सरकत जायचं आणि तिच्या मेसेजवर एक अंगठा द्यायचा. म्हणजे तिला बरं वाटेल.

मागच्या नोव्हेंबरात दिग्रसच्या माझ्या आतेभावाचा कागदपत्रांच्या कामासाठी फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला, "बाकी मोठे बाबा आता वॉकर धरून चालून रायले." मी म्हटलं, वॉकर कशाला? तो गप्प झाला. मग म्हणाला, "तुले माहीत नाही? मोठ्या आईनं ग्रुपवर सांगतलं होतं. तू अंगठा देल्ला होता न."

अठरा दिवस झाले होते.

मी तो मेसेज शोधला. चार मिनिटं बारा सेकंद. सुरुवातीला म्हशीला वगार झाल्याची बातमी. मग शेजारच्या पोरीचं लग्न. मग त्याच सुरात, अजिबात आवाज न चढवता, मोठे बाबा कापसाच्या बंडीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, यवतमाळला नेलं, ऑपरेशन करावं लागते म्हणतात. आणि मग : "लोकं म्हणतात का जोडी इकून टाका, आता वाहीन कोण. तू शिकलेला हायस बाप्पा, तूच सांग, इकू का?" शेवटी, टायमावर जेवत जा.

या मेसेजवर मी अंगठा दिला होता.

बैलजोडी विकली गेली होती. माझ्या होकारावर.

मी त्याच रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालो. घरी पोचलो तर मोठी आई दारातच होती. मी काही बोलायच्या आत तिनं पाय धुवायला पाणी दिलं, पानावर बसवलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी. मोठे बाबा खाटेवरून विचारत होते, पुण्यात नळाले रोज पाणी येते का, तुह्या ऑफिसले जायाले किती वेळ लागते, घरमालक चांगला हाय का. घर मी विकत घेतलंय हे त्यांना तीनदा सांगून झालं होतं. चौथ्यांदा सांगितलं.

जेवण झाल्यावर मी खाली मान घालून म्हटलं, मोठी आई, मी ऐकलंच नव्हतं. ती भांडी उचलत होती. म्हणाली, "मले वाटलं, ऐकलं पोट्ट्यानं, कामात असन म्हणून बोलला नाही." एवढंच. मोठे बाबा काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळानं रिकाम्या कोठ्याकडे पाहत म्हणाले, "जोडी चांगल्या घरी गेली. राळेगावकडचा मानूस हाय. मारत नाही बैलाले." मी नवी जोडी घेऊन देतो म्हटलं. ते म्हणाले, पोळ्याच्या आधी पाहू. दोघांनाही कळत होतं की त्या वयात, त्या पायानं, पाहण्यासारखं फार काही उरलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी भागवताचा हा अध्याय काढला. नंदबाबा आणि यशोदा हेसुद्धा जन्मदाते नव्हते, वाढवणारे होते, हे तोवर कधी डोक्यात शिरलंच नव्हतं.

मंडळी, यातून मला कळलेल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली. आपण ऑन-कॉल असतो तेव्हा सर्व्हरचा अलर्ट आला की रात्री तीनला उठतो, कारण त्यावर लाल अक्षरांत 'क्रिटिकल' लिहिलेलं असतं. गावाकडची माणसं क्रिटिकल लिहीत नाहीत. आपल्या लेकराला घोर लागू नये म्हणून मोडलेलं हाड ते वगारीच्या आणि लग्नाच्या मध्ये ठेवून देतात. पूर्वी तसं नव्हतं. वाईट बातमीचं पोस्टकार्ड कोपरा फाडून यायचं, तार आली की घरात रडारड सुरू व्हायची. जुलै २०१३ मध्ये तारसेवाच बंद झाली. आता सगळ्या बातम्या एकाच दारातून, एकाच आवाजात येतात. म्हणून सगळं ऐकावं लागतं. दुसरा उपाय नाही.

दुसरी. कुशल हा विषय देवाला क्षुल्लक वाटत नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत भक्ताच्या योगक्षेमाची जबाबदारी स्वतःच्या खांद्यावर घेतो. योग म्हणजे जे नाही ते मिळणं, क्षेम म्हणजे जे आहे ते नीट राहणं. जुन्या पत्रांत 'इकडील सर्व क्षेम' असं लिहायचे, ते हेच क्षेम. आणि आपल्या संतांच्या मराठीत 'क्षेम देणे' म्हणजे मिठी मारणे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आहेत. नंदबाबांनी उद्धवाला आधी मिठी मारली आणि मग खुशाली विचारली, म्हणजे दोन्ही अर्थांनी क्षेम दिलं.

आपल्या विदर्भातलं उदाहरण घ्या. रुक्मिणीमाता कुंडिनपूरची, म्हणजे आज अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी असलेलं कौंडण्यपूर. तिनं ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला निरोप पाठवला. प्रसंग किती तातडीचा! लग्न तोंडावर आलेलं. तरी ५२ व्या अध्यायात पाहा, द्वारकेत कृष्ण आसनावरून उतरतो, निरोप घेऊन आलेल्या माणसाला बसवतो, जेवू घालतो, विसावू देतो, त्याचे पाय चेपतो, खुशाली विचारतो, आणि मग निरोप ऐकतो. गोकुळातल्या साध्या गवळ्याच्या घरी जी रीत, तीच द्वारकेच्या राजवाड्यात. ती रीत तो कुठे शिकला हे वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट त्या गुलाबाच्या फुलाची. 'काही मजकूरच नसतो हो त्यात' असं आपण म्हणतो. चांगदेवांची गोष्ट आठवा. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावं, की ज्ञानाने मोठे म्हणून तीर्थरूप? शेवटी कोरंच पत्र पाठवलं. मुक्ताबाई हसली, एवढं जगून कोराच राहिला म्हणाली. पण निवृत्तिनाथांनी ते पत्र बाजूला टाकलं नाही. ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितलं, आणि त्या कोऱ्या पत्राचं उत्तर म्हणजे ६५ ओव्यांची चांगदेव पासष्टी. पत्र कोरं होतं, पण ते आलं होतं. मोठ्या आईचं फूलसुद्धा तसंच असतं. 'आहे मी, तू आहेस का?' एवढाच त्याचा मजकूर.

आता कोणी विचारेल, कृष्ण तरी परत कुठे गेला गोकुळात? प्रश्न बरोबर आहे, मलाही टोचतो. भागवतात पुढे ८२ व्या अध्यायात सूर्यग्रहणाच्या निमित्ताने कुरुक्षेत्रावर सगळे भेटतात. तिथे कृष्ण आणि बलराम नंद-यशोदेला मिठी मारतात आणि गळा दाटून आल्यामुळे दोघांना एक शब्दही बोलता येत नाही. इतकी वर्षं का आलो नाही, याचं कारण सांगत बसले नाहीत. मीही त्या दिवशी मोठ्या आईला कारणं सांगणार होतो. रिलीज होतं, टीममधले दोघं सुटीवर होते. बरं झालं तोंडातून निघालं नाही.

प्रल्हादाने नऊ भक्ती सांगितल्या, त्यांत पहिली श्रवण. आपण श्रवण म्हटलं की कानात इअरफोन घालून प्रवचन ऐकतो. मीही ऐकायचो, ऑफिसला जाताना, दीड पट वेगाने. आणि त्याच फोनमध्ये, त्याच वेळी, एक म्हातारी मला विचारत होती, जोडी इकू का.

आता ग्रुप म्यूट नाही. रोज रात्री जेवणानंतर मोठ्या आईचा मेसेज मी पूर्ण ऐकतो, साध्या वेगाने, आणि आवाजातच उत्तर देतो. तिने जे सांगितलं त्यातली एक गोष्ट नाव घेऊन विचारतो. वगार आता चारा खाते का? परवा तिचा मेसेज सहा मिनिटांचा होता. त्यात दोनदा मोठे बाबा मागून बोलले.

आजचा नेम : तुमच्या फोनमध्ये न ऐकलेला एक तरी घरचा मेसेज असेल. तो शेवटपर्यंत ऐका. अंगठा देऊ नका, फोन करा. आणि कारणं सांगू नका, खुशाली विचारा.

पांडुरंगा, आमच्या माणसांना सांभाळ, आणि त्यांचं बोलणं ऐकायला आम्हाला कान दे.

उद्या ४७ वा अध्याय. राम कृष्ण हरी.